मडमेच्या पुस्तकातलं पहिलं पान

मला फ्रेंच येत नाही. लहानपणी तर इंग्रजीही येत नव्हतं. एबीसीडी तेवढी यायची, तीही मोठी अक्षरं धडधड आणि छोटी अडखळत. तरीही वयाच्या नवव्या वर्षापासून पुढची सव्वादोन वर्षं मी आमच्या ओटीवर बसून एक जाडजूड फ्रेंच पुस्तक वाचत होते आणि घरची-शेजारची माणसं हातातली कामं टाकून ऐकत होती. हे जमलं कसं ते सांगते. जमलं नसतं तर फार बरं झालं असतं.

वसईच्या पश्चिमेला, आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव. केळीची बाग, थोड्या पानवेली, एक विहीर आणि तिच्यावरचा रहाट. आम्ही ख्रिस्ती, आणि त्याच्याही आधीपासूनचे बागायतदार. बाबा दिवसभर रहाटाच्या बैलामागे असत आणि दोघंही साधारण सारखंच बोलत. बोलायचं सगळं काम आईकडे होतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आईबाप लवकर गेले म्हणून सोळाव्या वर्षी ती मुंबईला आया म्हणून कामाला लागली. शेवटची सहा वर्षं ती एका फ्रेंच साहेबाच्या बंगल्यात होती आणि साहेबाची दोन्ही मुलं तिच्याच बोटाला धरून चालायला शिकली. दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, आमच्या चर्चच्या सणाला चार दिवसांची रजा घेऊन ती गावी आली. परत गेली तर बंगल्याला कुलूप. साहेबाला तातडीची तार आली होती आणि बोटीत जागा मिळाली ती दुसऱ्याच दिवशीची. फाटकापाशी खानसामा तिची वाट बघत थांबला होता. त्याने तिच्या हातात एक पुस्तक दिलं, मडमेने तुझ्यासाठी ठेवलंय म्हणाला आणि आपलं बोचकं उचलून तोही निघून गेला. आत्या घरी आली ती डोक्यावर ट्रंक आणि छातीशी ते पुस्तक धरून.

पुस्तक प्राण्यांच्या गोष्टींचं होतं, लहान मुलांसाठी छापलेलं. आमच्या शाळेच्या पाटीच्या दुप्पट मोठं, पुठ्ठा जाड, आणि प्रत्येक पानावर रंगीत चित्र. कोल्ह्याच्या अंगात कोट, बेडकाच्या गळ्यात रुमाल, करकोच्याच्या डोक्याला टोपी. त्या देशात म्हणे या गोष्टी मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतात आणि दर पिढीला कुणीतरी नव्याने त्यांची चित्रं काढतं. हे मला खूप पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की आमच्या शाळेच्या पुस्तकात चित्र आहे एक, गांधीटोपी घातलेल्या शेतकऱ्याचं, तेही काळंपांढरं.

आत्याला वाचता येत नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

“तू साळंत जातेस ना गो? वाच.”

ओटीवर माझ्या दोन धाकट्या बहिणी होत्या, शेजारची काकी होती, दारात आई होती. मी वर्गात पहिली येत असे आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. ‘मला येत नाही’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून सहज कधीच आले नाहीत, आजही येत नाहीत. नवऱ्याने आयुष्यभर ते भोगलं. मी पुस्तक उघडलं आणि सुरू केलं.

आता आमच्या गावची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की माणसं इतकी भोळी कशी. त्या काळी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, लॅटिनमध्ये होत असे. पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं गाव दर रविवारी गुडघ्यावर बसून लॅटिन म्हणायचं, फादर थांबले की बरोबर तिथे उत्तर द्यायचं, आणि त्यातल्या एका शब्दाचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. तो ठाऊक असावा असंही कुणाला वाटत नव्हतं. आवाज नीट निघाला की झालं, पुढचं देवाला कळतं. मी ती फ्रेंच अक्षरं जशी दिसतील तशी, फादरांच्याच चालीवर लांबवत म्हणत गेले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. सहा वर्षं फ्रेंच कानावर पडलेल्या आत्यालाही नाही; बोलायची भाषा वेगळी आणि पुस्तकातली वेगळी, जशी फादरांची, असं ती धरून चालली. काकीने तर मधेच कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली. चार ओळी झाल्या की मी थांबायची आणि चित्राकडे बघत ‘अर्थ’ सांगायची.

कोटवाला कोल्हा झाडाखाली उभा होता आणि फांदीवरच्या कावळ्याच्या चोचीत पिवळा तुकडा होता. आम्ही चीज बघितलेलं नव्हतं. मी सांगितलं की कावळ्याने मडमेची साबणाची वडी पळवलीय आणि कोल्ह्याला सणाला जायचंय म्हणून त्याला आंघोळ करायचीय. लांडगा आणि कोकरू ओढ्यावर भेटलेले होते. माझं कोकरू केळीच्या बागेत शिरलं आणि लांडगा बाहेर पाटाच्या चिखलात रुतून बसला. जाळ्यात सापडलेल्या सिंहाचं एक मोठं चित्र होतं. त्याला बाहेर कसं काढावं ते मला सुचेना, म्हणून मी ते पान दोन पानं एकदम उलटून टाळत असे. माझ्या गोष्टींत कुणी कुणाला खात नसे. ऐकणारे हसायचे, आत्या सगळ्यात जास्त हसायची, आणि आठवडाभरात गावात झालं की यांच्या पोरीला परदेशी वाचता येतं.

इथवर सगळं चाललं असतं. पोरकटपणा म्हणून लोक विसरूनही गेले असते. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेलं काही नव्हतं. तिथे निळ्या शाईत हाताने लिहिलेल्या बारा-तेरा ओळी होत्या आणि खाली लांब शेपटाची सही.

सुकेळी घालायचे दिवस होते. राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात टाकायची, दिवसातून दोनदा फिरवायची आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायचं. हे काम आत्याकडे आणि माझ्याकडे आलं होतं. दुपारी आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने ते पान माझ्यासमोर धरलं.

“हे हातानं लिवलंय. म्हंजे हे माझ्यासाठी हाय. काय म्हनते मडम?”

मला तेव्हा सुटायला वाट होती. हाताचं अक्षर लागत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मोठमोठ्यांना लागत नाही. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. काकीने आदल्या दिवशी निरोप आणला होता की वांद्र्याला एका डॉक्टरच्या घरी आया हवीय, आणि आत्या सोमवारी जायचं म्हणत होती. आत्या घरात आल्यापासून माझी वेणी रोज घातली जात होती. आई हात उगारी तेव्हा आत्या मधे येत होती. मुंबईतल्या लिफ्टच्या, आगबोटींच्या, बर्फाच्या पेटीच्या गोष्टी होत्या. मला ती जायला नको होती. बस, एवढंच.

मी लॅटिनच्या चालीवर त्या ओळी म्हटल्या. म्हणजे बोट ओळींवरून फिरवत मनाला येईल ते म्हटलं. मग अर्थ सांगितला: “मडम म्हणते, मी तुला फ्रान्सला बोलावणार आहे. तीन वर्षांत बोलावणं पाठवते. तोवर दुसऱ्या कुणाच्या घरी काम धरू नकोस. भावाकडे राहा.”

नऊ वर्षांच्या मानाने ते चांगलं रचलं होतं. फ्रान्स लांब आहे, तिथून कोण कशाला बोलावतंय, आणि तीन वर्षं म्हणजे मला जवळजवळ जन्मभर वाटत होती. आत्याने माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी माझ्याआधी तिचेच ओठ हलत होते.

सोमवारी ती वांद्र्याला गेली नाही. मी जिंकले, असं मला वाटलं. तो आनंद मला सुकेळी बांधून होईतोवर पुरला.

आई दुष्ट नव्हती. दमलेली होती, आणि दमलेल्या बाईच्या हाताशी फुकटचे दोन हात आले की ती ते वापरते. आत्या पहाटे उठून पाणी भरू लागली, भांडी तिच्याकडे आली, गोठा आला, माझ्या बहिणींचं सगळं आलं, आगाशीच्या बाजारात माल घेऊन जाणं आलं. जेवायला ती शेवटी बसायची. मुंबईत साहेबाच्या मुलांना चमच्याने सूप पाजणारी, स्वच्छ पांढऱ्या साडीतली माझी आत्या सहा महिन्यांत आमच्या घरची मोलकरीण झाली. वाटलं तर ती कधीही उठून मुंबई गाठू शकली असती. मी बांधून ठेवलं होतं तिला. दावं दिसत नव्हतं, एवढंच.

“कवा निघायचं फ्रान्सला?” आई भाकऱ्या थापताना विचारायची. “आमच्यासाठी कायतरी घेऊन ये हं तिकडनं.”

आत्या चिडत नसे. “येल बोलावनं,” म्हणायची.

आणि ती तयारीला लागली. हे मला सगळ्यात जड गेलं. मडमेचे जुने बूट तिच्या ट्रंकेत होते, दीड बोट मोठे. तिकडे थंडी असते, अनवाणी चालत नाहीत, म्हणून ती पुढे कापूस कोंबून ते बूट घालायची आणि रोज संध्याकाळी अंगणात सवय करायची, माडापासून विहिरीपर्यंत आणि परत. कुंपणापलीकडून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. माझ्या बहिणी तिच्यामागून पाय आपटत चालून दाखवायच्या. मी घरात शिरायची आणि कोपऱ्यातल्या भाताच्या कणग्यांमागे बसून राहायची.

दर रविवारी मिस्सा झाला की पहिलं पान वाचायचं, असा नेमच पडला. शब्द तेच लागत. एकदा मी ‘बोलावणं पाठवते’च्या जागी ‘बोलावून घेते’ म्हटलं तर तिने लगेच टोकलं, “मागच्या वक्ताला पाठवते होतं.” तेव्हापासून मी घाबरून एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. इतर गोष्टींचंही तेच. कोल्ह्याच्या साबणाला एकदा वास गुलाबाचा सांगितला म्हणजे तो कायमचा गुलाबाचा. बहिणी पहारेकऱ्यांसारख्या बसत. एक खोटं बोलायला काही लागत नाही. ते रोज तसंच्या तसं बोलायला डोकं लागतं, आणि माझं डोकं चांगलं होतं हेच माझं नशीब फुटकं.

आगाशीला बाजारच्या दिवशी मी तिच्याबरोबर जायची. टोपली रिकामी झाली की ती पोस्टात जायची. सुरुवातीला पोस्टमास्तर सगळी पत्रं चाळून बघायचे. पुढे पुढे ती पायरी चढायच्या आतच ते मान हलवायचे. ती तरी खिडकीपर्यंत जायची, “परदेसचं काय हाय का?” विचारायची आणि “बरं,” म्हणून वळायची. एवढ्या रस्त्यात मी दर वेळी ठरवायची की आज सांगून टाकायचं. चर्चच्या वळणापर्यंत, मग मोठ्या पिंपळापर्यंत, मग आमच्या बांधापर्यंत. बांध आला की आई हाक मारायची.

सांगायला गेले नाही असं नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला पापनिवेदन शिकवलं आणि मला वाटलं, आता सुटका आहे. मी जाळीपुढे गुडघे टेकले आणि म्हटलं, “मी खोटं बोलले.”

“किती वेळा?” फादर पलीकडून म्हणाले.

“दर रविवारी.”

त्यांनी मला प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या. काय खोटं, कुणाशी, हे त्यांनी विचारलं नाही, बाहेर चाळीस पोरं रांगेत होती. आणि न विचारता सांगण्याएवढी मी शूर नव्हते. तीन नमो मरिया मी तिथेच म्हणून टाकल्या. देवाकडचं मिटलं. घरी आले तर आत्या अंगणात बूट घालून चालत होती.

तिसरं वर्ष लागलं. मी अकरा वर्षांची झाले होते, आत्या बत्तिशीच्या पुढे गेली होती. नंदाखालच्या बाजूचा एक विधुर सांगून आला. बाग बऱ्यापैकी, मुलं तीन, धाकटं अजून रांगणारं. माणूस वाईट नव्हता. तो आमच्या ओटीवर बसला, बाबांशी बैलाच्या खुरांबद्दल बोलला आणि आत्याकडे एकदाच, मान न उचलता बघितलं.

“मना बोलावनं येनार हाय,” तो गेल्यावर आत्या म्हणाली.

“कुटून? आभाळातून?” आई म्हणाली. “सव्वादोन वर्सं झाली. चिट्टी नाय, चपाटी नाय. माज्या पोरी मोठ्या होतायत, घरात बिनलग्नाची आत्या बसलीय म्हनून त्यांना कोन विचारील?”

आत्याने बाबांकडे बघितलं. बाबा उठून बैलाकडे निघाले. “त्याला थांबता येनार नाय. पोर लहान हाय त्याचं,” म्हणाले.

घाईचं कारण कॅलेंडरात होतं. पुढे उपवासकाळ लागत होता, आणि उपवासकाळाचे चाळीस दिवस आमच्यात लग्न लागत नाही. त्याआधी उरकायचं तर पुकार लगेच सुरू व्हायला हवी होती. पुकार म्हणजे लग्नाआधीच्या तीन रविवारी फादर भर मिस्सात वेदीवरून दोघांची नावं घेतात आणि सांगतात की या लग्नाला काही हरकत कुणाला ठाऊक असेल तर त्याने येऊन सांगावं. ठाऊक असून लपवणाऱ्याला मोठं पाप लागतं. दोन दिवस अंगणात बूट वाजले नाहीत. तिसऱ्या दिवशी आत्याने होकार दिला. कुणी जबरदस्ती केली असं म्हणता येणार नाही. घरात उभं राहायला जागाच ठेवली नव्हती, एवढंच.

पहिल्या रविवारी नावं पुकारली तेव्हा मी बोटांवर हरकती मोजू लागले. हरकत म्हणजे काय काय ते आम्हाला पाठ होतं: रक्ताचं नातं, जिवंत नवरा, देवाला दिलेलं वचन. भाचीला फ्रेंच येत नाही ही हरकत त्या यादीत बसत नव्हती. मी मनात ती यादी पुन्हा पुन्हा वरून खाली म्हणत राहिले. दुसरा रविवारही गेला.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना, आत्या मांडवाखाली सुकेळी बांधत बसली होती. वाळलेल्या केळीच्या पानात चार-चार ठेवून वरून केळीच्या खोडाच्या सोपटाचा दोर आवळायचा. तिने हात पुसले आणि पुस्तक आणायला सांगितलं.

“शेवटचं वाच. उद्या तिसरी पुकार.”

मी वाचलं. आणि वाचता वाचता मला तिची कीव आली की माझी मलाच आली कोण जाणे. तिला उद्या हलक्या मनाने उभं राहता यावं, आणि माझ्या मानेवरचं हे जोखड एकदाचं उतरावं, म्हणून मी शेवटी एक वाक्य जोडलं. “मडम म्हणते, माझं बोलावणं आलंच नाही, तर तू खुशाल लग्न कर.”

आत्याने दोर आवळता आवळता हात थांबवला.

“हे आदी नव्हतं.”

मी पुस्तक मिटायला गेले.

“दर आयतवारी वाचतेस. हे कदीच नव्हतं.” तिने पान स्वतःकडे फिरवलं आणि त्या निळ्या ओळी वरून खाली बघितल्या, जशी काही आता तिलाच वाचता येणार होती. मग माझ्याकडे बघितलं. “तुला वाचता येत नाय.”

मी मान हलवली. मला येत नाही. तीन शब्द, आणि तेही मानेने.

तिने मला एक थोबाडीत मारली. आयुष्यात तिने मला मारलेलं ते एकच. आई मारायची ते लागून विरून जायचं. हे विरलं नाही. मी रडत रडत म्हटलं, “आपण फादरना दाखवू. त्यांना येत असेल. अजून पुकार व्हायचीय आत्या, चल ना.”

ती उठलीसुद्धा. दोन पावलं गेली. मग आतून आईची हाक आली, पाव्हण्यांसाठी कोंबडी धरायची होती. आत्या तिथेच उभी राहिली, पदराने तोंड पुसलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर टाकलं.

“तू वाचलंस. तुझ्याकडं ठेव.”

दुसऱ्या दिवशी तिसरी पुकार झाली. फादर नावं घेऊन थांबले. मी सगळ्या चर्चला ऐकू जाईल एवढ्याने काहीतरी ओरडणार असं मला वाटलं. आत्या पुढच्या बाकावर ताठ उभी होती आणि तिने मागे वळून बघितलं नाही. कुणी काही बोललं नाही. फादरांनी पान उलटलं. उपवासकाळाच्या चार दिवस आधी तिचं लग्न लागलं, आणि आमच्यात लागलेलं लग्न सुटत नाही.

पुस्तक मी कपड्यांच्या पेटीत तळाशी घातलं. पुढे हायस्कूलला मी सिस्टरांच्या शाळेत जाऊ लागले. तिथे परदेशातून आलेल्या एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, भरतकाम शिकवायच्या. त्या फ्रेंच बोलतात हे कळल्यावर मी एक वर्ष नुसतं ते ठाऊक ठेवून काढलं. पंधराव्या वर्षी एक दिवस पुस्तक घेऊन गेले.

सिस्टर आधी चित्रांत रमल्या. लहानपणी आपल्याला हेच पाठ होतं म्हणाल्या, आणि मोडक्या मराठीत सांगत गेल्या. कावळ्याकडचं ते चीज होतं आणि कोल्ह्याने खोटी स्तुती करून ते पळवलं. कोकराला लांडग्याने खाल्लं. “का खाल्लं?” मी विचारलं. “त्याला भूक होती,” सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी पहिलं पान उघडलं, चष्मा सारखा केला आणि थांबत थांबत सांगितलं.

मडमेने लिहिलं होतं की न भेटता जावं लागतंय याची क्षमा कर. मुलं तुझं नाव घेऊन रडतायत. माझ्या मैत्रिणीशी बोलून ठेवलंय. ती नाताळनंतरच्या बोटीने निघणार आहे, तिच्याबरोबर तू आमच्याकडे ये. तिचा पत्ता खाली आहे. तिथे जाऊन फक्त हे पान दाखव, बाकी सगळं ती बघेल. नाताळपर्यंत ती तुझी वाट बघेल. तू आली नाहीस तर तुला यायचं नव्हतं असं मी समजेन आणि तुला दोष देणार नाही.

पुस्तक घरी आलं होतं पावसाळा सरल्यावर. नाताळ दोन महिने लांब होता. त्या दोन महिन्यांत फ्रेंच जाणणाऱ्या कुणालाही, एखाद्या फादरला, एखाद्या कारकुनाला, ते पान दाखवलं असतं तर आत्या गेली असती. कुणाला दाखवायची गरज पडली नाही, कारण घरात वाचणारी होती.

सिस्टर विचारत होत्या, ही बाई गेली का मग? मी पुस्तक मिटून काखेत धरलं.

नंदाखालला मी चालत गेले. दोनदा अर्ध्यातून परत फिरले, तिसऱ्यांदा पोचले. आत्या विहिरीवर कपडे धूत होती. तिच्या घरात तेव्हा पाच मुलं होती, तीन त्याची आणि दोन तिची. धाकटं तिच्या पाठीला लोंबकळत होतं. ती जाड झाली होती, दंड उन्हाने रापले होते. चार वर्षांत आम्ही लग्नाकार्यात भेटलो होतो, पण ती माझ्याशी चार शब्दांवर बोलली नव्हती. माझ्या हातातलं पुस्तक तिने लगेच ओळखलं.

“सिस्टरनी वाचलं,” मी म्हटलं.

तिने हातातलं कापड पिळायचं थांबवलं नाही. पाणी पूर्ण निथळेपर्यंत पिळलं, झटकलं, दगडावर ठेवलं. मग पाठीवरच्या पोराला खाली उतरवलं.

“एकच सांग. तिनं मना बोलावलं होतं का?”

हो म्हणायलाच मी तीन मैल चालत आले होते. त्यासाठीच पाठ करत आले होते, मडमेचं वाक्य न वाक्य, या वेळी खरं. मी तिच्याकडे बघितलं. घराकडे बघितलं. ओटीवर तो माणूस तिच्या पोरीच्या पायातला काटा काढत बसला होता.

“नाही,” मी म्हटलं. “नुसता निरोप आहे. मुलांनी पापा दिलाय म्हणून लिहिलंय. सुखी राहा म्हणून.”

आत्याने श्वास सोडला, इतका मोठा की मला वाटलं तो ती त्या शनिवारपासून धरून बसली होती. मग ती जवळ आली, ओल्या हातांनी माझा चेहरा धरला आणि ज्या गालावर मारलं होतं तोच गाल पुसला.

“बरं झालं गो. म्हंजे तुज्यामुळं माजं काय गेलं नाय. पोरच होतीस तू. मी उगाच एवढी वर्सं तुज्यावर राग धरला.”

तिने मला जेवू घातलं, वेणी सोडून पुन्हा घातली आणि निघताना बांधापर्यंत सोडायला आली. त्यानंतर ती पस्तीस वर्षं जगली. दर सणाला मला बोलावायची, माझ्या मुलांना मांडीवर घ्यायची, सगळ्यांना सांगायची की माझी ही भाची माझ्यावर लई जीव टाकते. मी मान खाली घालून तिच्या हातचं जेवत असे.